दोन दिवसांसाठी उठवलेला पहारा

“दोन दिवस म्हणजे किती, सर?”

“आवाज खाली.”

“खालीच आहे. आपण तळघरात बसतो. याहून खाली कुठे नेऊ?”

“भिंगरी, जरा ऐकून घे…”

“नाही, आधी सांगा. माझं गणित कच्चं आहे म्हणून विचारते. इथे लिहिलंय, ‘तात्पुरते. दोन दिवसांत पुन्हा चालू करणे.’ पुढे तारीख. त्या तारखेला सहा वर्षं झाली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते!”

“कुणी लिहिलंय ते बघायला हवं.”

“टिपणीच्या शेवटी पूर्णविराम देणारा माणूस या इमारतीत एकच आहे. मी आले त्या आठवड्यात मला पूर्णविरामावरून बोलला होता.”

किल्लीकाका खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्ची मागे होती म्हणून बसल्यासारखं झालं. ‘कुणी लिहिलंय ते बघायला हवं’ हे वाक्य आपल्याच तोंडातून गेलं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात माणूस खोटं बोलतो, पण इतकं बारकं, इतकं गरीब खोटं?

ते तळघर एका मोठ्या रुग्णालयाचं. वर सात मजले रुग्ण, डॉक्टर, नर्सेस. खाली दोन खोल्या. काचेपलीकडच्या खोलीत सर्व्हरची कपाटं घोंघावत असायची, अलीकडे दोन टेबलं, एक फळा, चहाच्या डागांनी नकाशासारखी झालेली एक ट्रे. या दोन खोल्यांचा कारभार किल्लीकाकांकडे. सव्वीस वर्षांपूर्वी ते इथे टेलिफोनच्या तारा ओढायला आले होते. तारा गेल्या, कॉम्प्युटर आले, काका राहिले. आता रुग्णालयातल्या अकराशे माणसांनी सकाळी येऊन पासवर्ड टाकला की ‘हा खरंच तोच माणूस आहे’ असं सांगणारी एक सेवा होती, आणि ती सेवा काकांनी सांभाळलेली होती. ती हो म्हणाली की दारं उघडायची, रुग्णांचे कागद उघडायचे, वॉर्डातलं औषधांचं कपाटही उघडायचं. म्हणून नाव किल्लीकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल.

भिंगरीचं नाव काकांनीच ठेवलेलं. आठ महिन्यांपूर्वी कंत्राटावर आली, आणि विचार करायला लागली की खुर्चीत गरगर फिरायची. “अगं, भिंगरी, चक्कर येईल,” असं ते पहिल्या दिवशी म्हणाले आणि नाव चिकटलं. ती त्यांना काका म्हणायची. आज सकाळपासून सर.

“हे बघा,” तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “ही त्या दिवशीची नोंद. बाहेरचा माणूस माझ्या ‘पासवर्ड बदला’ पानातून शिरला, पासवर्डांच्या भांडारापर्यंत गेला, तेव्हाची. सर्व्हरवरच्या पहारेकऱ्याने, त्या प्रोग्रॅमने, काय लिहिलंय, वाचा.”

“मला माहीत आहे काय लिहिलं असेल.”

“मोठ्याने वाचा ना.”

त्यांनी वाचलं नाही. तिनेच वाचलं. “‘नाकारायला हवं होतं. पण सोडलं.’ म्हणजे माझ्या शब्दांत सांगायचं तर. तारीख, वेळ, सगळं. बिचारा सहा वर्षं लिहितोय, सर. कुणी वाचेल म्हणून लिहितोय.”

घडलं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी बाहेरून आत शिरलं आणि अकराशे जणांच्या पासवर्डांची यादी घेऊन गेलं. पासवर्ड त्यात सरळ लिहिलेले नव्हते, पिळून मुरगळून ठेवलेले होते, तरी धोका तो धोकाच. सगळ्यांना एका दिवसात पासवर्ड बदलायला लावले, सात मजल्यांनी तळघराच्या नावाने खडे फोडले. आत शिरायची फट होती ‘पासवर्ड बदला’ या पानात, आणि ते पान भिंगरीने केलं होतं. एका चौकटीत माणूस काय टाइप करतोय हे तपासायचं ती विसरली होती. हे तिने त्याच दिवशी, कुणी विचारायच्या आत, सांगून टाकलं. “माझी चूक. ही ओळ.” डोळे लाल, पण बोट स्क्रीनवर ठाम.

संचालक बाईंनी चौकशीचा अहवाल लिहायला सांगितला तो किल्लीकाकांना. काकांनी चार पानं लिहिली. सगळं खरं लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. आणि उद्या अकरा वाजता त्या चार पानांवरून भिंगरीला ठेवायचं की काढायचं हे ठरणार होतं.

“फट माझीच आहे,” भिंगरी म्हणाली. “मी नाही म्हणत नाही. पण फटीतून आत आलेला माणूस पहिल्याच दाराशी अडला असता. तुम्हीच शिकवलंत ना? खुर्ची दाराशी ठेवून?”

खुर्ची दाराशी ठेवून! तो काकांचा प्रसिद्ध प्रयोग होता. नवीन माणूस कामाला आला की दुसऱ्या दिवशी काका खुर्ची उचलून दाराशी ठेवायचे, त्यावर बसायचे, पाय ताणून वाट अडवायचे आणि पहारेकरी व्हायचे.

“ये, आत यायचा प्रयत्न कर.”

आणि लगेच पहारेकऱ्याच्या आवाजात, “कोण आहे?” असं दरडावून, भुवया चढवून.

“मी… मी इथलीच.”

“इथलीच असशील. काय पाहिजे?”

“ती फाइल. ती माझीच आहे.”

“तुझी असेल. यादीत लिहिलंय का, की तू ती वाचायचीस?”

“अहो पण मी मालक आहे!”

“मालक घरी. इथे यादी.”

नवा माणूस हसायचा आणि मग काका खुर्चीवरून उठून फळ्याकडे जायचे. साधी कुलपं मालकाला विचारून उघडतात, ते सांगायचे. मालकाने किल्ली दिली की झालं. पण चोराने मालकाचे कपडे घातले तर? म्हणून आपल्या सर्व्हरवर त्यापलीकडचा एक पहारा असतो. फाइल कुणाची हे तो विचारतच नाही. प्रत्येक कामाला एक चिठ्ठी चिकटवलेली, प्रत्येक फाइलला एक चिठ्ठी चिकटवलेली, आणि कुठल्या चिठ्ठीने कुठल्या चिठ्ठीला हात लावायचा याची यादी ठरलेली. यादीत नसेल तर खुद्द सर्वाधिकाऱ्यालाही नाही. आणि शेवटी खडू ठेवत, प्रत्येक वेळी तेच वाक्य: “हा पहारा बंद करणारा माणूस मला माझ्या खात्यात नको.”

सहा वर्षांत नऊ जणांना हा प्रयोग दाखवला होता. काचेपलीकडे पहारेकरी खुर्ची बाजूला सरकवून, वही मांडीवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याची नुसती नावं लिहीत बसला होता.

“का बंद केलात?” भिंगरीने विचारलं. आता आवाज खरंच खाली होता.

काकांनी सांगितलं नाही. पण ते त्यांना रोज आठवायचं.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी ही सेवा नव्या सर्व्हरवर आणली होती. सगळं नीट मांडलं, पहारा चालू केला, आणि सेवा बसली ती उठेचना. वर कुणालाही आत जाता येईना. तिसऱ्या मजल्यावर औषधांचं कपाट उघडेना आणि ऑपरेशन झालेला एक म्हातारा दुखण्याने विव्हळत होता. अकरा मिनिटं. अकराव्या मिनिटाला नर्सेसच्या प्रमुख, मेट्रन, जिने उतरून तळघरात आल्या. एवढ्याशा चणीची बाई, पण दारात उभी राहिली तर दार भरलं. पाच-सहा माणसं होती खोलीत. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तुमचं कुलूप मोठं की माझा पेशंट? वर या आणि त्याला समजावून सांगा तुमचं कुलूप!”

काका कीबोर्डकडे वळले. त्यांनी पहाऱ्याला सांगितलं, अडवू नकोस, नुसतं लिही. सेवा उठली. सगळीकडे दिवे हिरवे. त्यांनी टिपणी लिहिली, दोन दिवस, पूर्णविराम.

दोन दिवसांनी त्यांनी हात पुढे नेला आणि मागे घेतला. मग आठवडा झाला. मग सुटीचे दिवस होते, मग नवीन इमारतीचं काम निघालं. वर्षभरानंतर ती ओळ त्यांना दिसायचीच बंद झाली, म्हणजे दिसायची, पण घरातल्या बंद पडलेल्या घड्याळासारखी.

“मी कुणाला सांगणार नाही,” भिंगरी बॅग आवरत म्हणाली. “ते माझं काम नाही. उद्या तुम्ही सांगा. आणि त्याआधी सकाळी लवकर येऊन चालू करू. कारण काय आहे ते मला सापडलंय.”

“सापडलंय?”

“तुमचं सर्टिफिकेट. सेवेच्या ओळखपत्राची ती फाइल.”

“काय झालं सर्टिफिकेटला?”

“तुम्ही ते दरवर्षी नवीन आणता, आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवता, तपासता आणि मग तिथून सेवेच्या जागी हलवता. हलवता, काका.” तोंडातून काका निघून गेलं, तिने ओठ चावला. “कॉपी करत नाही.”

“कॉपी का करू? गुप्त गोष्टीची दुसरी प्रत मागे ठेवायची नाही, हा माझा…”

ते थांबले.

“नियम,” तिने पूर्ण केलं. “माहितीये. पण कॉपी केलं की फाइलला नव्या जागेची चिठ्ठी लागते. हलवलं की जुनी चिठ्ठी तशीच. त्यामुळे सहा वर्षं दर नवी फाइल सेवेच्या घरात येऊन बसते आणि तिच्या कपाळावर लिहिलंय, ‘मी किल्लीकाकांच्या घरची’. पहारेकऱ्याने अडवलं तर त्याचं काय चुकलं?”

\*

काकांच्या बायकोचं घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान होतं. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, आणि टाचण्या तोंडात असूनही बोलणं स्पष्ट. काका आले, चपला काढल्या, कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

“लागली,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून लागतेय.”

काका स्टुलावर बसले. कपड्यांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला टाचलेली गिऱ्हाइकाची चिठ्ठी.

“तुझ्याकडे असं कधी होतं का,” त्यांनी विचारलं, “की कापड एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत गेलं आणि चिठ्ठी जुनीच राहिली?”

“झालंय ना. त्या लठ्ठ वकिलाचा कोट सडपातळ मास्तरांना दिला होता. मास्तर घालून बघतात तर आत अजून एक मास्तर मावेल.” ती हसली. मग त्यांच्याकडे बघून हसणं थांबवलं. “काय झालंय?”

त्यांनी सांगितलं. चहा गार होईपर्यंत सांगितलं. पहारा, अकरा मिनिटं, मेट्रन, टिपणी, भिंगरी, चार पानांचा अहवाल. तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या.

“म्हणजे चिठ्ठी बदलायची राहिली? एवढंच?”

“एवढंच.”

“सहा वर्षं?”

“हो.”

“किती वेळ लागतो बदलायला?”

“ती म्हणते चार-पाच मिनिटं.”

बायको रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मांडीवरच्या झग्याची शिवण बोटाने चाचपली, वाकडी गेली होती ती, आणि कात्री घेऊन टाके उसवायला लागली.

“अहो, मला तुमचं ते पहाऱ्याचं काही कळत नाही,” शेवटी ती म्हणाली. “तुम्ही घाबरलात हे कळतं. मीही पहिल्यांदा रेशीम कापताना दोन दिवस कात्री बाजूला ठेवली होती. पण त्या पोरीने तिची शिवण चुकली ते गिऱ्हाइकासमोर सांगितलं ना? आणि तुम्ही तिच्याच चुकीवर चार पानं लिहिलीत.”

“खोटं काही लिहिलं नाही.”

“तेच तर म्हणते. इतकं व्यवस्थित तुम्हालाच जमतं.”

“उद्या सांगणार आहे.”

“मला नका सांगू, मी काही मीटिंगला नाही.” तिने दोरा तोडला. “जेवायला वाढू?”

\*

सकाळी सात वाजता भिंगरी आधीच आली होती. दोघं शेजारी बसली. काकांनी वर तिसऱ्या मजल्यावर फोन करून सांगितलं, पाच मिनिटं कदाचित आत जाता येणार नाही, औषधं लागणार असतील तर आत्ताच काढून ठेवा. सहा वर्षांपूर्वी हा फोन त्यांना सुचला नव्हता.

“चिठ्ठी बदला,” भिंगरी म्हणाली.

एक ओळ. त्यांनी लिहिली. सर्व्हरने उत्तर दिलं: अमुक फाइल, आधी घरची, आता सेवेची. काकांना ते ‘आधी घरची’ वाचून कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या.

“आता पहारा.”

बोट कळीवर आलं आणि तिथेच राहिलं. भिंगरीने खुर्ची एकदाही फिरवली नाही. काकांनी डोळे मिटून कळ दाबली.

काही झालं नाही. सेवा चालू होती. त्यांनी स्वतः बाहेर पडून पुन्हा आत जाऊन बघितलं. मग ती जुनी टिपणी पुसली, तिच्या जागी पहारा कायम चालू राहील अशी ओळ लिहिली. मग फोन वाजला, तिसरा मजला.

“ते पाच मिनिटांचं कधी सुरू होणार, काका? आम्ही कधीच्या थांबलोय.”

“झालं,” काका म्हणाले. “जा आत.”

“मी आतच आहे.”

फोन ठेवला. भिंगरीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “चार मिनिटं, काका. फोन धरून.” आणि पहिल्यांदाच ती जरा हसली. काका तोंड धुवायला गेले. बऱ्याच वेळाने आले.

\*

अकराला संचालक बाईंच्या खोलीत चौघं होती. बाई, मेट्रन, काका, आणि टेबलाच्या टोकाला भिंगरी, हात मांडीवर, पुढ्यात पाण्याचा पेला. बाईंच्या हातात काकांची चार पानं.

“अहवाल उत्तम आहे,” बाई म्हणाल्या. “मला यातलं कळत नाही, तरी कळला.”

“त्यांचं असंच असतं,” मेट्रन म्हणाल्या. “सगळं आरशासारखं.”

काकांनी आदल्या रात्रीपासून पहिलं वाक्य पाठ केलं होतं: बाई, अहवालात एक गोष्ट राहिली आहे. वाक्य तयार होतं. कुणीतरी श्वास घ्यायची जागा दिली की बोलायचं.

“म्हणजे फट या पानातच होती,” बाई म्हणाल्या. “बाकी आपली सगळी कुलपं जागेवर आहेत ना?”

हीच ती जागा. याहून चांगली जागा कुणी दिली नसती.

काकांनी भिंगरीकडे बघितलं. तिने त्यांच्याकडे बघितलं.

“हो,” ते म्हणाले. “आहेत. चालू आहेत सगळी.”

आणि ते खरं होतं! सकाळी सव्वासातपासून अगदी खरं होतं. भिंगरीने मान खाली घातली आणि पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिली.

“किल्लीकाकांच्या कुलपांची ग्वाही मी देते,” मेट्रन म्हणाल्या.

पुढचं लवकर उरकलं. बाई वाईट नव्हत्या. त्या मुलीला म्हणाल्या की तिची हुशारी दिसते, पण विश्वासाचं काम आहे, कंत्राट पुढे नेता येणार नाही, आजचा दिवस शेवटचा. “तुला काही सांगायचंय?”

“मला?” भिंगरी उठत म्हणाली. तिने शब्दावर जरासा जोर दिला. “मला काही नाही.”

बाहेर पडताना मेट्रन काकांच्या बरोबरीने चालायला लागल्या. लिफ्टपाशी थांबल्या. “पोरीचं वाईट वाटलं. पण तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून आम्ही वर निवांत असतो. कधी पाच मिनिटं बंद पडलेलं आठवत नाही मला.”

“अकरा,” काका म्हणाले.

“काय अकरा?”

“अकरा मिनिटं. सहा वर्षांपूर्वी. तुम्ही खाली आला होतात. एका म्हाताऱ्या पेशंटला दुखत होतं. तुम्ही मला म्हणालात, कुलूप मोठं की…”

मेट्रननी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून बघितलं.

“मी म्हणाले असेन. मी रोज कुणाला तरी म्हणते.” त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. “नाही हो, आठवत नाही. मनाला लावून घेतलं होतं की काय तुम्ही?”

लिफ्ट आली, त्या गेल्या. काका तिथेच उभे. लिफ्ट दोनदा रिकामी येऊन गेली. सहा वर्षं ज्या बाईच्या आवाजाला घाबरून त्यांनी तो पहारा उठवून ठेवला होता, तो आवाज त्या बाईलाच आठवत नव्हता.

\*

“बसा,” दुपारी चार वाजता काका पुन्हा खोलीत आले तेव्हा संचालक बाई म्हणाल्या.

काका बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आलंच नाही, दुसरीच वाक्यं आली, अर्धवट, मागची पुढे. बाईंनी चष्मा काढला.

“थांबा. सकाळी सात वाजता चालू केलात?”

“हो.”

“म्हणजे चोरी झाली त्या दिवशी बंद.”

“अडवत नव्हता. नुसतं लिहीत होता.”

“तो अडवत असता तर यादी गेली असती?”

“नाही. पानात शिरला असता. यादीपर्यंत पोहोचला नसता.”

“आणि हे अहवाल लिहिताना तुम्हाला माहीत होतं?”

काकांना वाटलं म्हणावं, लक्षात नव्हतं. बंद घड्याळासारखं. “माहीत होतं,” ते म्हणाले.

“आणि अकरा वाजता, याच खुर्चीवरून, मी तुम्हाला विचारलं.”

“हो.”

बाईंनी ती चार पानं उलटी करून ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी रुग्णवाहिका मागे घेत होतं, टुं टुं टुं करत.

“लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “हेच सगळं. सही करा. चौकशी होईपर्यंत किल्ल्या दुसऱ्याकडे जातील. आणि नव्या माणसांना तुम्ही शिकवायचं नाही.” मग जराशा मऊ पडल्या, आणि ते जास्त लागलं. “तुम्ही काका? मला खरं वाटत नाहीये.”

“आणि भिंगरी? म्हणजे ती… तिचं पत्र?”

“मागे घेते. तिची चूक आहे, पण एवढी शिक्षा नाही. ती राहत असेल तर राहू दे. विचारा तिला.”

काकांनी कागद लिहिला. शेवटी पूर्णविराम देताना पेन थांबलं. मग दिला.

\*

तळघराचे जिने ते दोन-दोन पायऱ्यांनी उतरले, या वयात. भिंगरी टेबल पुसत होती. दिवा, वही, पाण्याची बाटली, एक छोटं निवडुंग, सगळं पिशवीत गेलं होतं. काकांच्या स्क्रीनवर वरून आलेलं काम उघडंच होतं: कंत्राटी कर्मचारी, खातं आज पाच वाजता बंद करणे. घड्याळात पाचला दहा कमी होते.

“मी सांगितलं,” काका धापा टाकत म्हणाले.

तिने फडका घडी करून ठेवला.

“बाईंना सांगितलं. सगळं. लेखी दिलंय. किल्ल्या गेल्या माझ्या, शिकवणं पण गेलं. ते जाऊ दे. तुझं पत्र मागे घेतायत.”

“बरं.”

“बरं काय! राहा म्हणाल्यात. मी तुझं खातं बंद नाही करत, हे बघ, हातही लावत नाही.” ते स्क्रीनसमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले, नाटकातल्या चोरासारखे. तिने हसावं असं त्यांना वाटलं.

“सर,” ती म्हणाली, “एक विचारू? सकाळी तुम्ही ‘चालू आहेत’ म्हणताना माझ्याकडे बघितलंत. का?”

काकांचे हात खाली आले.

“खाली बघून म्हणाला असतात तरी चाललं असतं. बाईंकडे बघून म्हणाला असतात. माझ्याकडे कशाला?”

“मला वाटलं…” काकांनी शब्द शोधले. आयुष्यभर त्यांना शब्द सापडायचे, खुर्चीवर बसून, फळ्यासमोर, पाठ केलेले. “मला वाटलं, तू बोलशील. आणि तू बोलू नयेस असं पण वाटलं. दोन्ही. एकदम. बघितल्यावर कळलं की तू बोलणार नाहीस. आणि मग मी…” 

“मग तुम्ही म्हणालात.”

“मग मी म्हणालो.”

तिने मान डोलावली, काहीतरी तपासून घेतल्यासारखी. पिशवी खांद्यावर घेतली. निवडुंग कलंडू नये म्हणून पिशवीचं तोंड हाताने धरलं.

“उद्या येशील?” काका म्हणाले. “मी या खोलीत नसेन बहुतेक. वरच्या मजल्यावर कुठेतरी प्रिंटर बघत असेन. तुला मी दिसणारसुद्धा नाही. पण त्या नोंदी कुणीतरी वाचायला हव्यात ना? तुझ्याइतकं नीट कुणी वाचणार नाही. येशील ना?”

ती दारापाशी गेली. दाराशेजारी काकांची ती खुर्ची होती, पहारेकऱ्याची, भिंतीला टेकवून ठेवलेली. तिने तिला वळसा घातला, कार्ड दाराच्या चौकोनावर धरलं, दिवा हिरवा झाला, आणि ती बाहेर पडली.